कोपर

पहाटे पाचला जिमची किल्ली माझ्याकडे असते.
उन्हाळ्यात कॉलेज एसी लावत नाही.
कोच हॅल्वर्सन म्हणतात, घाम फुकट आहे, वापरा.
मागचं दार मी विटेने उघडं ठेवतो,
मग कॅन्ससभरच्या गव्हाचा भुसा आत येतो
फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत.
आधी झाडू, मग चेंडू.

हंगामात जिथे बँकेचे मॅनेजर बसतात
त्या पहिल्या रांगेवर आमचे टॉवेल वाळतात.
नऊनंतर मी सायलोवर, ट्रक तोलायला.
संध्याकाळी वजनं. रात्री डोक्याला साबण लावताना
हात मध्येच खाली येतात.
पाचवं वर्ष माझं. शेवटचं.

टॅव्हियन आला जूनमध्ये, मेम्फिसहून, बसने.
एक बॅग, बुटांचे तीन जोड.
पहिल्या दिवशी तीनदा मला चकवून गेला,
चौथ्यांदा सॉरी म्हणाला.
त्या सॉरीवरूनच कळलं.
कोचनी नंतर ऑफिसात बोलावलं, खुर्ची पुढे केली.
मी उभाच राहिलो.

फक्त त्याचं कोपर बाहेर जातं नेम धरताना,
जरासंच, गर्दीत वाट काढावी तसं.
शंभरात साठ जातात. कोपर आत आलं तर ऐंशी.
हे अजून कुणाच्या ध्यानात नाही.
नोव्हेंबरपर्यंत आलं नसतं
तर पहिले पाच-सहा सामने तरी माझे होते.

आठवडाभर मी गप्प.
ट्रक तोलत राहिलो. भरलेला, मग रिकामा.
मधली वजाबाकी म्हणजे गहू.

काल झाडून झाल्यावर
त्याला भिंतीशी उभं केलं, उजवा खांदा भिंतीला टेकवून.
म्हटलं, टाक. रिंग विसर, नुसता वर.
कोपर घासलं, सालटं निघालं,
त्याने शिवी दिली, मला की भिंतीला कोण जाणे.
पुन्हा, म्हटलं.
दीडशेच्या पुढे केव्हातरी
भिंतीचा आवाज यायचा थांबला.

मग रेषेवर. मी खाली, चेंडू परत द्यायला.
गेला. गेला. गेला.
मोजणं माझ्याकडे होतं.
तिसाच्या आसपास आकडा सुटला,
बहुतेक एक जास्तच सांगितला.

बाहेर पहिला ट्रक हॉर्न देत होता.
निघताना त्याला कुलूप दाखवलं :
डावीकडे फिरव,
पण आधी दार किंचित उचलून धर.