बारबारचं गाऱ्हाणं

शुक्रवारी सुट्टी असली की आमच्या कॅम्पमधले
मनामाला जातात, मॉलच्या गारव्यात फिरायला.
मी चुकीच्या बसमध्ये चढलो आणि बारबारला उतरलो.
भक्ती वगैरे काही नव्हती.

खजुरीच्या बागेपलीकडे एक मोठा खड्डा,
पिवळट दगड, भोवती दोरखंड, एक पाटी:
एकावर एक बांधलेली तीन देवळं, चार हजार वर्षांमागची.
देव बहुधा एन्की.
खातं: गोडं पाणी, जमिनीखालचं.

(‘खातं’ माझा शब्द. पाटीवर फार मानाचा शब्द होता.)

पायऱ्या उतरून गेलं की विहीर.
विहिरीत वेफर्सचं पाकीट, पारव्याचं पीस.

प्लास्टिकच्या खुर्चीवर राखणदार हाजी मक्की.
हिंदी बरं बोलतो, शिनेमातलं.
म्हणाला, माझा बाप मोती काढायचा.
तहान लागली की पखाल घेऊन बुडी मारायचा
खाऱ्या समुद्राच्या तळाशी,
तिथे वाळूतून गोडं पाणी उसळायचं.
पखालीचं तोंड झऱ्यावर धरायचं, भरली की आवळायचं,
आणि छाती फुटायच्या आत वर.
‘मग?’
‘मग पंप आले.’
त्याने हवेत एक नळ बंद करून दाखवला.

मी काय काम करतो ते त्याला सांगितलं नाही.
आम्ही समुद्र पाइपातून ओढतो,
पडद्यांतून दाबतो, त्याचं मीठ काढून घेतो.
पहाटे तीनला मीटरचा आकडा खाली येतो,
पाणी गोडं झालं असं मी वहीत लिहितो, सही करतो.
उरलेलं जहाल खारं पाणी पुन्हा समुद्राला.
एन्कीच्या जागेवर कंत्राटी माणूस,
दोन वर्षांचा व्हिसा, ओव्हरटाइम वेगळा.

ह्या देवळातलं तांब्याचं बैलाचं डोकं
म्युझियमात लागलं, काचेत, चोवीस तास एसी.
तिकडे किल्ल्यात जमिनीखाली वाडगी सापडली,
वाडग्यात वेटोळं केलेले साप, कुठे सोबत एखादा मणी.
कोणी काहीतरी मागितलं होतं.
मिळालं का, ते वाडग्यावर लिहिलेलं नाही.

आमच्या गावचा देवही रुसतो.
कौल देत नाही, पाकळी चिकटून राहते,
पण रुसायला समोर माणसं लागतात.
गुरव लागतो, भांडणारे मानकरी लागतात,
कोंबड्यावरून उठलेला तंटा लागतो.
इथे देव कोणावर रुसेल?
मक्कीचा अल्ला वेगळा. मी वायंगणीचा.

काय झालं कोण जाणे,
चपला काढल्या. दगड इतका तापलेला
की एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत
बापाच्या आवाजात सुरू केलं:

बा देवा म्हाराजा,
तुझी भाषा माका येणा नाय.
तू हय आसस की खय गेलस, ताय म्हायत नाय.
मी लांबसून इलेलो, प्लांटावरचो.
तुझा काम आमी उचलला, राग धरू नको.
जा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल
आणि जा पाणी तुया न्हेलस...

इथे गावकऱ्यांनी म्हणायचं असतं, व्हय म्हाराजा.
कोण म्हणणार.

वर खुर्चीतून आवाज आला:
‘ऐवा.’
मी थबकलो. पुढची ओळ म्हटली.
‘ऐवा, ऐवा.’

मान वर करून बघितलं तर मक्की फोनवर,
मुलगी बहुतेक बाजाराची यादी सांगत असावी.
तरी मी गाऱ्हाणं पुरं केलं.
जिथे थांबलो तिथे तिथे तो हो म्हणत गेला,
दुधाला, पावाला, डायपरला, मला.

परतीची बस वळणावर दिसली.
बाटलीत दोन घोट उरले होते.
बाटलीवर हिरव्या डोंगराचं चित्र; ह्या बेटावर तसा डोंगर नाही.
विहिरीत ओतावं असं मनात आलं,
मग मक्की ओरडेल असं मनात आलं.
प्यालो.
गरम होतं.