अडुसष्ट

एल आल्तोत पहाटे पाचला
बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागतं.
प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे; घर जवळ म्हणून,
आणि शिपाई दोन महिने संपावर म्हणून.
विद्यापीठ सरकारी. सेमिस्टरची फी म्हणजे
आईच्या गाड्यावरचे जांभळ्या मक्याच्या आपीचे
पंधरा-वीस पेले, फार तर.

सेंट्रिफ्यूज एकच. झाकण
सायकलच्या ट्यूबने बांधलेलं.
फिरायला लागलं की टेबलासकट दाराकडे चालू लागतं,
मग दोघींनी त्यावर हात टेकून उभं राहायचं,
बाळंतिणीपाशी राहतात तसं.

त्या दिवशी सगळ्यांनी आपापली बोटं टोचली.
केशनलिका केवढी, गवताच्या काडीएवढी;
तिचं तोंड बंद करायचं मेण संपलेलं,
माझ्या भावाच्या दप्तरातली हिरवी प्लास्टिसिन चालली.
पाच मिनिटं गरगर.
मग वर पिवळसर पाणी, खाली लाल गाळ.
शंभरात गाळ किती, तेवढं वहीत लिहायचं.

माझा पन्नास. रुफिनाचा एकोणपन्नास.
बाल्तासारचा छप्पन्न, तो मिरवत होता.
कुणीतरी पुस्तकाच्या मागचा तक्ता उघडला
आणि वर्ग गप्प होत गेला:
एकोणतीस जण. एकोणतीसही आजारी.

कलिसाया बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हे पुस्तक समुद्राकाठी छापलंय,
चार हजार मीटरवर त्यालाच दम लागलाय.
आणि खडू घेऊन त्यांनी फळ्यावर
आमचा तक्ता लिहिला,
पंचवीस वर्षांच्या स्वतःच्या वह्यांतून जमवलेला.
तो आम्ही उतरवून पुस्तकात डिंकाने चिकटवला.
तेव्हापासून पुस्तक नीट मिटत नाही.

इथवर गोष्ट सांगायला मला आवडते.

पण बाबांची नलिकाही माझ्या खिशात होती.
बाबा मिनिबस चालवतात. ओठ जांभळे.
लहानपणी आम्हाला वाटायचं,
आई नसताना चोरून आपी पितात.

सगळे गेल्यावर यंत्र एकटीने दाबून धरलं.
अडुसष्ट.
नलिका उलटी धरून वाचली, सुलटी धरून वाचली.
फळ्यावरचा तक्ता अजून पुसलेला नव्हता.
पुस्तक चूक, फळा बरोबर,
आणि माझे बाबा दोन्हींच्या बाहेर उभे,
स्टॉप नसलेल्या जागी प्रवासी उभा राहतो तसे.

आमच्या आयमारात रक्त म्हणजे विला, लाल म्हणजेही विला.
नलिकेतलं काळं दिसत होतं.
त्याला काय म्हणायचं, ते मी वाटभर शोधत होते.

घरी सांगितलं: मोठ्या इस्पितळात नीट तपासावं लागेल.
कदाचित रक्त काढतील अधूनमधून.
नाहीतर खाली उतरून राहायचं, युंगासकडे,
संत्री पिकतात तिकडे.
'खाली कोण आहे आपलं?' आई म्हणाली.
मग जरा थांबून, 'काढलेलं टाकतात कुठे?'
लाल पिशवीत, मी म्हटलं. नंतर वाफेच्या भांड्यात.
'जमिनीला थेंबभरसुद्धा नाही?'
तसा नियम नाही, मी म्हटलं,
पण वाक्य बाईंच्या आवाजात आलं.

बाबा भिजवलेल्या चुन्योची सालं काढत होते.
'अडुसष्ट कितीपैकी?'
शंभर.
'आणि तुमच्याकडे पास किती?'
एकावन्न.
'मग झालो की पास,' ते म्हणाले,
'न शिकता, आणि तेही चांगल्या मार्कांनी!'

बायोकेमिस्ट्रीत मला त्रेपन्न होते, हे त्यांना ठाऊक होतं.
आई हसली, भाऊ हसला, हातातलं साल टाकून
बाबा स्वतःच्याच विनोदावर हसत राहिले,
मग हसणं थांबलं आणि छाती हलत राहिली.
मी घड्याळाकडे बघितलं नाही.
तरी मोजत होते.