गंधकाची काडी

मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात
मास्क दोन आहेत. काचेच्या कपाटात.
कपाटाला कुलूप, किल्ली शेटच्या कमरेला,
आणि शेट माळनाक्याला.

तपासणीचे साहेब आले, मास्क मोजले. दोन. बरोबर.
बादलीतली वाळू मोजता येईना, तरी लिहिली.
पट्ट्याला गार्ड नाही म्हणून दंड ठोकला,
आणि गार्ड बसला. खोटं कशाला बोलू, बसला.
त्याआधी त्याच पट्ट्यानं मुनाफचं बोट खाल्लं होतं
आणि रजिस्टरात मी लिहिलं होतं: किरकोळ.

मग पुण्याहून बाई आल्या शिकवायला.
पडद्यावर चित्रं, चहा, वडा.
'वास आला की वाऱ्याला आडवं पळा.'
अलीमियाँ होडेकर मागच्या बाकावर घोरत होते.
एकतीस वर्षं अमोनिया हुंगलेल्या माणसाला
वास म्हणजे काय, कोण सांगणार?
ते गंधकाची काडी पेटवून पाइपाजवळ नेत,
धूर पांढरा झाला की सांध्यावर ओलं फडकं
आणि पोरांना एक शिवी.
एवढाच अभ्यासक्रम.

पौषातली रात्र, अडीच वाजलेले.
धक्क्यावर बोटी बर्फासाठी खोळंबलेल्या,
क्रशरचा खडखडाट,
आणि एकदम
डोळ्यांत कुणी चुना फेकावा तसा वास.
अलीमियाँ आत गेले. वाल्व नेहमी तेच बंद करतात.
या वेळी बाहेर आले नाहीत.

मी पळालो.
मतलई वारा समुद्राकडे चालला होता,
मी आडवा, किल्ल्याच्या अंगाला,
अगदी बाईंनी सांगितलं तसा.

सुहास पाष्टे, महिन्यापूर्वी लागलेला पोरगा,
त्यानं किल्ली मागितली नाही.
वाळूच्या बादलीनं काच फोडली,
मास्क चढवला, आधी खालचा पट्टा, मग वरचा,
आणि म्हाताऱ्याला काखेत धरून
फरफटत बाहेर आणलं.

अलीमियाँ जगले. आवाज मात्र अर्धाच परत आला.
शेटनं सुहासच्या पगारातून काच कापली: साडेचारशे.
पुढच्या तपासणीत साहेबांचा शेरा:
'कपाटास काच नाही.' त्याचा दंड वेगळा.
दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात आहेत.

परवा काच बसवायला माणूस आला होता,
माप घेत होता.
अलीमियाँ काडी विझवून उठले,
घोगऱ्या आवाजात त्याला एक शिवी दिली
आणि परत पाठवलं.