टॅपेट

धरणगावच्या बंद जिनिंगमध्ये ती सतरा वर्षं उभी होती,
अंगावर कापसाची लव,
मागच्या सीटवर मांजरीची कितवी तरी पिढी.
मॉरिस मायनर. चौपन्न साल. आठशे तीन सीसी.
शेठ म्हणाले, भंगारवाला वजनावर नेतो म्हणतोय,
तुम्ही काय देता, बाई?
मी वजनावर तीन हजार जास्त दिले
आणि मांजरीला आठ दिवसांची मुदत.

कॉलेजच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं
पोरांच्या हातात भिंगं दिली, तारा दिल्या,
संध्याकाळी मोजून परत घेतल्या.
ठिणगी मात्र मला कळली अमळनेरात,
झिपरू मिस्त्रींच्या पत्र्याखाली.
त्यांनी पॉइंटच्या फटीत
पारोळ्याच्या कुणाच्या लग्नपत्रिकेची कड सरकवली,
किंचित अडली, मग निघाली.
"इतलंच अंतर," म्हणाले. "कमी नही, जास्ती नही."
पत्रिकेवर नवरदेवाचं नाव अर्धंच उरलं होतं.

बॉनेट उघडलं की आत सगळं दिसतं,
इंजिनाच्या कडेनं खालची जमीनसुद्धा,
तिच्यावर पडलेला दहाचा पाना.
पेट्रोल इकडून, हवा तिकडून, वीज या काळ्या वायरीतून,
तिघांची भेट वेळेवर व्हायची, एवढंच काम.
भाच्याच्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं
तर आत आणखी एक झाकण.

मिस्त्रींचे कान गेलेत.
डिझेलच्या ट्रकांखाली चाळीस उन्हाळे काढले, त्यात गेले.
बायको बोलली की हो म्हणतात,
नाही बोलली तरी मधूनमधून हो म्हणून ठेवतात.
मी ओरडून सांगितलं, टिकटिक येतेय!
त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलंसुद्धा नाही.
हातभर लांब पेचकस काढला,
टोक ठेवलं गरम कव्हरवर
आणि लाकडी मूठ दातांत धरली.
डोळे मिटले.
एक. दोन. टोक थोडं सरकवलं.
मूठ तोंडातून काढून म्हणाले,
"तीन नंबर. ढिला शे."
मग बाराचा गेज, अर्धा पाव आटा, लॉकनट,
आणि टिकटिक गेली
कुठेच नसल्यासारखी.

त्या मुठीवर दातांच्या खुणा आहेत,
वरचे चार खोल, खालचे पुसट.
माझ्याकडे ढकलत म्हणाले, ठेव. मले आते दुसरा शे.
दुसरा काही त्यांच्याकडे नव्हता.

मे महिना, पंचेचाळीस डिग्री, चोपड्याचा रस्ता.
तापीच्या पुलाअलीकडे ती आचके देत थांबली.
पंपाची टकटक सुरू झाली, कोरडी, घाईची,
रिकाम्या हापशासारखी:
नळीत पेट्रोलाची वाफ झालेली.
कडेच्या बागेत पाणी चालू होतं.
मी सोपट मागितलं, बागवाल्या पोरानं
कापलेल्या केळीचं एक थंडगार सोललं,
पंपाला गुंडाळलं, नळीला गुंडाळलं,
सुतळी त्यानंच बांधली, बैलाच्या पायाला बांधावी तशी.
म्हणाला, कोनता आजार शे हिले?
ऊन, मी म्हटलं.
हां, म्हणाला. आमनी म्हैसले बी व्हस.

दहा मिनिटांनी टकटक सावकाश झाली,
जड झाली. थांबली.
हँडल मारलं. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा.

पुलावर मला वाटलं, पुन्हा काहीतरी वाजतंय.
आता वयानुसार माझ्याही कानांचा भरवसा नाही.
गाडी कडेला घेतली, उजवा हात चुकून बाहेर आला,
म्हणजे गाडीचा, तो पिवळा दांडीचा सिग्नल,
आणि आत जाईना. राहू दिला.
बॉनेट उघडलं, पेचकस टेकवला,
मूठ दातांत धरली. माझे दात
त्यांच्या खुणांत बसत नव्हते,
त्यांचा जबडा रुंद.
ऑइलची चव आली, तंबाखूची थोडी,
आणि मग कवटीच्या आत आठही व्हॉल्व्ह,
घरात कुणी भांडी लावत असावं तसे.

मागून केळीचा ट्रॅक्टर आला, हळू झाला.
"मावशी," वरून पोरगा ओरडला,
"काय खाई राहिनी?"

तोंड भरलेलं होतं.
हातानंच त्याला म्हटलं, जा पुढे.