एक स्क्रू जास्त

बाहेर उणे बावीस. ओउलूतल्या माझ्या दुकानात
राइमो किन्नुनेन यांनी बर्फाने माखलेले बूट दारातच काढले
आणि काउंटरवर कन्सोल ठेवला, तान्ह्याला ठेवावं तसा.

"नऊच दिवस झालेत. तीनदा पीप करतो,
निळा दिवा लागतो, आणि मग गप्प.
शनिवारी नातू येतोय."

मी लगेच प्लग लावला नाही.
गारठ्यातून आलेल्या यंत्राला आधी घाम फुटतो.
तो वाळेपर्यंत कॉफी झाली,
तेही काही बोलले नाहीत, मीही.

मग नेहमीचंच : दुसरी केबल, दुसरा टीव्ही,
बटण दाबून धरून सातपर्यंत आकडे.
तीन पीप. निळा. गप्प.

शेवटी उचलून कानाशी नेला
आणि काडेपेटी हलवून बघावी तसा हलवला.
आत काहीतरी घरंगळलं.

झाकण काढलं. पंख्याच्या कुशीत, बोर्डाला टेकून
तांदळाच्या कणीएवढा एक स्क्रू.
कुठून निसटला म्हणून सगळी भोकं पाहिली.
चव्वेचाळीस जागा, चव्वेचाळीस स्क्रू.
दोनदा मोजले.

यंत्र लागलं. पंखा इतका हलका
की तळहात धरला तरच कळावा.
राइमो स्क्रूकडेच बघत होते.
चाळीस वर्षं कागद कारखान्यात काढलेला माणूस.
"म्हणजे पाळी संपताना," ते म्हणाले,
"कुणीतरी ट्रे पुन्हा पुन्हा मोजला असेल.
एक कमी."

पैसे दिले. बूट चढवले.
स्क्रू मागून घेतला
आणि पाकिटात सुट्या नाण्यांच्या कप्प्यात टाकला,
कधीतरी परत करायचा असल्यासारखा.