पाच आणि सात

काउंटरवरच्या पोराने विचारलं, "कुठल्या सालची?"
"एकोणसत्तरची."
त्याने साल आत घातलं. यंत्र गप्प.
मग माझ्याकडे पाहिलं,
मी पणजोबांची चौकशी करायला आल्यासारखं.
पॉइंट्स म्हणजे काय, हे त्याला
दोन बोटांची उघडमीट करून दाखवावं लागलं.

इंजिन मोठ्या ब्लॉकचं, तीनशे शहाण्णव घनइंची.
दोन माणसांना हलणार नाही असा ऐवज,
आणि अडलाय कशावर?
मुगाएवढ्या दोन ठिपक्यांवर.
ते एकमेकांना शिवतात, सुटतात,
दर सुटण्यातून एक ठिणगी.
आता त्यांना खड्डे पडलेत,
आणि सबंध लोखंड सकाळी सकाळी दमेकऱ्यासारखं.

क्रीटला नव्हते.
बिॲट्रिसला होते, पण सहा सिलिंडरचे.
फेअरबरीचा भंगारवाला म्हणाला,
"रोटर नेतोस? झाकण आहे, जरा चीर गेलीय."
चीर चालत नाही. चिरेतून वीज पळते.
"मग विल्बरला जा. सोवाचं गॅरेज.
म्हातारा गेला. बाई काही फेकत नाही."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका कापून झालेला.
नेब्रास्कात चढ म्हणावा असा चढ नाही,
जो होता त्यावर गाडी तीनदा खोकली.

लिबी सोवा. वय ब्याऐंशी, पायात पुरुषी बूट.
मी टोपी काढून म्हणालो,
"तुमच्या यजमानांचे काही सुटे भाग उरले असतील तर..."
ती न बोलता पुढे झाली.
फळीवर कॉफीचे डबे, डब्यांवर चिकटपट्ट्या,
पट्ट्यांवर पेन्सिलीचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.
पॉइंट्स. कंडेन्सर. रोटर, तपकिरी.
झाकण, चीर नसलेलं.
"किती नेटकं अक्षर होतं त्यांचं," मी म्हणालो.
"बोहुमीलचं? कोंबडी चालल्यासारखं होतं."
एवढंच बोलली.

किंमत विचारली तर म्हणे, "आधी बसव. ऐकू दे."

फट मोजायची पट्टी मी घरीच विसरलो होतो.
तिने खिशातून काडेपेटीचं पाकीट काढलं,
लिंकनच्या कुठल्याशा बंद पडलेल्या बोलिंगघराचं.
काड्या कधीच संपलेल्या.
पुठ्ठा फाडून हातात दिला.
"अडकला पाहिजे, पण रुतता कामा नये."

सुरू झालं. पहिल्या किल्लीला.
मी हसलोसुद्धा.
मग ते थरथरलं, सावरलं, पुन्हा थरथरलं,
जेवताना जीभ चावल्यासारखं.
मी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे हात नेला.

"तिथे नको."
ती इंजिनाकडे बघतही नव्हती,
तुळईवरच्या रिकाम्या घरट्याकडे बघत होती.
ओठ हलत होते, पाढा म्हटल्यासारखे:
एक आठ चार तीन
सहा पाच सात दोन.
एक आठ चार तीन
सहा पाच...
"इथे. पाच आणि सात.
शेजारी बसतात, पाठोपाठ पेटतात.
तारा बिलगून ठेवल्यास तू.
पाचाची ठिणगी साताला
त्याची पाळी येण्याआधीच उठवते."

वाळत घातलेल्या टॉवेलावरचा
लाकडी चिमटा काढून आणला तिने,
दोन तारांच्या मध्ये अडकवला.
टॉवेल अंगणात पडला. तिने पाहिलं नाही.

आणि ते सगळं वजन
एकदम एका सुरात बोलायला लागलं.
तिने एअर क्लीनरच्या झाकणावर कप ठेवला.
कॉफीवर एक बारीक वर्तुळ उठलं, कडेपर्यंत गेलं,
दुसरं उठलं नाही.
मला तेव्हा कुठे उमगलं,
फळीवरचं अक्षर कोणाचं.
विचारायची लाज वाटली.

कप उचलून तिने उरलेली कॉफी पिऊन टाकली.
"वीस डॉलर. कंडेन्सरचे तीन वेगळे.
आणि चिमटा परत आणून दे,
आता चौदाच उरलेत."

नोव्हेंबर संपत आला.
चिमटा अजून पाच आणि सातच्या मध्ये आहे.
विल्बरला जाऊन यायला दीड तास लागतो,
आणि तिथे गेल्यावर ती ऐकेलच.