दाराखालच्या फटीसाठी

मिर्ता कोयाइकेला गेली, मार्च संपता संपता,
एक बॅग घेऊन, आणि तीसुद्धा माझी.
मुलीच्या गावात राहीन, घरात नाही, म्हणाली,
हल्ली मुलीच सासूसारख्या वागतात.
दोन खोल्यांचं लाकडी घर, भाड्याचं,
मधोमध लोखंडी चूल,
अंगणात कुणाचं तरी राहून गेलेलं कुऱ्हाडीचं दांडकं.

आता घरभरणीला काय पाठवावं?
आरीकाच्या बाईनं थंडीबद्दल बोलावं
म्हणजे माशानं जिन्याबद्दल.
आमच्याकडे पाऊस पडत नाही.
माझ्या छपराला भोक आहे, सात वर्षं झाली,
कुणी विचारलं तर सांगते, चांदण्यांसाठी ठेवलंय.

बाजारात गेले.
पुत्रेहून आलेली आयमारा बाई
अल्पाकाची घोंगडी मांडून बसली होती.
हात फिरवला, किंमत विचारली, कुठे पाठवायचीय तेही सांगितलं.
ती हसली. तिकडे माणशी चार मेंढ्या आहेत म्हणे,
समुद्राला मीठ पाठवतेस?
स्वतःचंच गिऱ्हाईक मोडणारी बाई.
तिच्याकडून मोजे घेतले, माझ्यासाठी. कशाला, ठाऊक नाही.

मेहुणा म्हणाला, थर्मामीटर दे, भिंतीवर शोभेल.
थंडी किती ते कळलं की कमी होते का रे?
थर्मास तिच्याकडे आहे.
ऑलिव्हची बरणी बसमध्ये फुटते.
देवाची तसबीर द्यावी तर
देवाशी तिचं नवरा गेल्यापासून बोलणं नाही.

मग एका रात्री फोनवर तीच बोलून गेली,
वारा दाराखालून येतो गं, मांजरासारखा,
आधी घोटे हुंगतो,
मग मांडीवर चढून बसतो आणि उतरत नाही.

झालं. ठरलं.

तिची कारखान्याची पँट माझ्याकडे होती,
निळी, जाड, मासळीच्या पिठाचा वास
बावीस वर्षांनीही न सोडणारी.
एकाच पट्ट्यापुढे उभ्या राहायचो आम्ही,
ती डावीकडे, मी उजवीकडे,
म्हणून डावा पाय कापला.
एक तोंड शिवलं. आत काय भरायचं?
चिंध्या हलक्या. वारा ढकलून देईल.

तिच्या घराला कुलूप होतं.
तीन आठवडे कुणी झाडलं नव्हतं,
आणि रेती उंबऱ्याशी येऊन बसली होती, घोट्याएवढी,
जशी रोज यायची,
जशी रोज सकाळी मिर्ता तिला हाकलायची
झाडूनं, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा शिव्यांनी.
मी सुपलीनं भरून घेतली.
ऊन उतरलं होतं, रेती अजून कोमट होती.
समोरचा म्हातारा गॅलरीतून बघत होता.
त्याला वाटलं असेल, पुरलेलं काही शोधतेय.

पार्सलवाल्या पोरानं काट्यावर ठेवलं.
सहा किलो चारशे.
आत काय?
रेती.
तिकडे मिळत नाही?
मिळत असेल, म्हटलं. ही तिची आहे.
त्यानं फॉर्मवर लिहिलं, घरगुती सामान.
पैसे मात्र असे घेतले
की त्यात घोंगडीही आली असती, आणि ती विणणारीही.

पुढे बरेच दिवस काही नाही.
मी टीव्हीवर हवामान बघू लागले, तिच्या गावाचं.
उणे चार. उणे सात.
एवढे आकडे, आणि मला त्यांचं काहीच होत नव्हतं,
दुसऱ्याच्या पायातला काटा जसा.

जूनमध्ये फोन आला.
नोएमी, शिवायला काय डोळे मिटून बसली होतीस?
टाके कच्चे.
वारा थांबला, पण रोज सकाळी दारात मूठभर रेती.
रोज झाडते. रोज तुझा उद्धार करते.
शेजारीण विचारते, रेती येते तरी कुठून इथे, बर्फात.

मागे चुलीत लाकूड तडकलं.
मी म्हटलं, जाड दोरा पाठवते, सुई पाठवते,
दुहेरी टीप घाल.
पलीकडे थोडा वेळ नुसता झाडूचा आवाज.

नको, म्हणाली.
एवढ्यात नको.